खेडचे काय झाले?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, ‘खेड लोकसभा म्हणजे कोकणातले खेड का?’ त्याचा दोष नाही. ज्या वर्षी तो मतदार झाला, त्याच्या आधीच हा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला होता. पण आपल्या चळवळीचे पहिले पाऊल ज्या मातीत पडले ती ही माती. तेव्हा आज भावाच्या हिशेबाऐवजी थोडा या मतदारसंघाचा हिशेब मांडू.

हे खेड म्हणजे पुणे जिल्ह्यातले, हुतात्मा राजगुरूंचे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी असा सह्याद्रीच्या कडेचा पट्टा. वर भात, आंबेमोहोर आणि पुढे इंद्रायणी. खाली आलात की कांदा, बटाटा, ऊस, टोमॅटो. कृषी महाविद्यालयात आम्ही जमिनीचे नकाशे वाचायला शिकलो, मतदारसंघाचे नकाशे वाचायला कोणी शिकवले नाही. ते शिक्षण पुढे रस्त्यावर झाले.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इथून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून आले. आज कोणाला हे सांगितले तर खरे वाटत नाही. नंतर काँग्रेसचे दिवस आले. रघुनाथ खाडिलकर, आणि १९७७ मध्ये अण्णासाहेब मगर. यादी वाचत बसत नाही.

थांबायचे आहे ते १९८० वर. त्या जानेवारीतल्या लोकसभा निवडणुकीला देशभर ‘कांद्याची निवडणूक’ म्हणतात. शहरात कांदा महाग झाला, त्यावर इंदिराबाईंनी प्रचार केला आणि सत्ता पुन्हा मिळवली. खेडमधून रामकृष्ण मोरे निवडून आले. आता त्याच महिन्यात इथे काय चालले होते ते ऐका. आंबेठाणला कोरडवाहू शेती घेऊन बसलेले शरद जोशी भामनेरच्या शेतकऱ्यांना घेऊन वांद्रे ते चाकण पायी निघाले होते. मागणी कसली? रस्त्याची. माल बाजारात न्यायला धड रस्ता नव्हता. मते मोजून झाली होती, नवा खासदार ठरला होता, आणि बायाबापड्या रस्त्यासाठी चालत होत्या. मार्च उजाडला तोवर कांदा इतका पडला होता की चाकणचा शेतकरी पुणे-नाशिक हमरस्त्यावर बसला. १९७८ मध्येही तो असाच बसला होता, निर्यातबंदीने भाव पाडला तेव्हा. म्हणजे महाग कांद्यावर दिल्लीचे सरकार पडते, आणि स्वस्त कांद्यावर शेतकरी पडतो तेव्हा त्याची कुठे नोंदही नसते. त्या कांद्याचे शेत आणि ती निवडणूक एकाच मतदारसंघात होती, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

एक मात्र मान्य केले पाहिजे. त्या खेडमध्ये बहुतेक मते शेताच्या बांधावरची होती. १९८९ मध्ये मंचरचे किसनराव बाणखेले जनता दलातर्फे निवडून आले. पुढे विदुरा नवले, निवृत्तीशेठ शेरकर, अशोक मोहोळ, आणि २००४ मध्ये शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव. पक्ष बदलले, पण उमेदवाराला कांदा, दूध, ऊस यांवर बोलल्यावाचून गत्यंतर नव्हते. बोलून काय केले हा वेगळा प्रश्न, त्यावर आमचे मत तुम्हाला ठाऊक आहे.

आता तो गेला कसा? १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या हद्दी तीस वर्षांहून अधिक काळ चालल्या. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ ची जनगणना धरून फेररचना केली आणि २००८ मध्ये ती लागू झाली. खेड नाव संपले. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी यांना शिरूर जोडले आणि शहराचे भोसरी, हडपसर. झाला शिरूर लोकसभा. मावळला पिंपरी, चिंचवड आणि घाटाखालचे कर्जत, उरण, पनवेल. झाला मावळ लोकसभा. मुळशी गेली भोर विधानसभेतून बारामतीकडे.

माणशी एक मत, तेव्हा माणसे वाढली तिकडे जागा जाणार. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण त्याचा अर्थ नीट पाहा. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यांत एक बाई होती. धरण मावळात, तोटी चिंचवडात, आणि दोन्ही एकाच खासदाराकडे. त्याने कोणाचे ऐकावे? मतांची मोजणी करा, उत्तर मिळेल. भामा आसखेडचे पाणीही २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला जाते आहे. याच भामा नदीच्या खोऱ्यातून १९८० ची ती पदयात्रा निघाली होती.

तरी बांधावरचे मत अजून मेलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही चाळीस टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य लावून. शिरूरचे मतदान होते १३ मे ला. नऊ दिवस आधी जाग आली, ती कोणाच्या भीतीने, हे या सभेत सांगायला नको.

पुढची फेररचना आज ना उद्या होणार. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत राज्यांच्या जागा गोठवलेल्या आहेत, आणि २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. मागच्या वेळी मसुदा प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या, जाहीर सुनावण्या झाल्या. आपण तेव्हा काय करत होतो? भावाच्या आंदोलनात होतो, आणि नकाशाचे काम पुढाऱ्यांचे असे समजत होतो. ही चूक आमची, संघटकांची.

तेव्हा तालुका प्रमुखांनी पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावांची यादी आणावी. कोणते गाव कोणत्या धरणाच्या लाभक्षेत्रात, माल कोणत्या बाजार समितीत जातो, आणि आज ते कोणत्या विधानसभेत टाकले आहे. एका ओळीत एक गाव. वही आम्ही देऊ.