रजिस्टरात न मावणारा विश्वास



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेचजण लवकरच कुठल्या ना कुठल्या मंडळीत पाळक म्हणून रुजू होतील. तिथल्या कपाटात बाप्तिस्म्याचे रजिस्टर असेल. नाव, वय, तारीख, पाळकाची सही. ते जपायलाच हवे. पण कुणाचा विश्वास किती खोल गेला आहे, हे त्या तारखेवरून कळत नाही. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात याचे दाखले ठायी ठायी सापडतात.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर मुलाला घेऊन त्या पतीकडे राहायला आल्या, त्या आपला धर्म आणि सोवळे सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हा सगळा काळ त्यांनी काही न लपवता सांगितला आहे. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न एकदा त्यांच्या मनाने धरला. विचार करता करता त्यांनी ठरवून टाकले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. एका कर्मठ घरात वाढलेल्या बाईने जन्मभराचे सोवळे सोडले, हे पाऊल बाप्तिस्म्याहून लहान कसे म्हणायचे? तरी त्याची नोंद कुठल्या दप्तरात नाही. लग्नानंतर घरीच अक्षरओळख झालेल्या याच बाईंनी पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य 64 अध्यायांची भर घालून पुरे केले.

पंडिता रमाबाईंची वाट याच्या उलट होती. त्यांचा बाप्तिस्मा आधी झाला, 1883 मध्ये, इंग्लंडातल्या वाँटेज येथे. शंका नंतरही चालूच राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घातला, मांसाहार नाकारला, क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्येच का असावेत, संस्कृतात का नकोत, असेही विचारले. वडीलधाऱ्यांना यात हट्ट आणि अहंकार दिसला. खरे तर ती आपल्या बुद्धीशी प्रामाणिक राहून विश्वास ठेवू पाहणाऱ्या बाईची धडपड होती. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, अशा आशयाची साक्ष त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. 1905 मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली मोठमोठ्याने रडत, प्रार्थना करत असताना त्या संजीवनाच्या मधोमध याच रमाबाई होत्या.

एका क्षणात पालटणारी माणसेही असतात. साधू सुंदरसिंगांना 1904 मध्ये पंजाबात एका पहाटे दर्शन झाले आणि आयुष्याची दिशाच बदलली. अशी साक्ष मंडळीत लवकर पसरते. मग ज्यांच्या आयुष्यात तसे काही घडले नाही ते गप्प बसतात, स्वतःला कमी लेखतात. कुणाला शब्द उसने घेऊन साक्ष द्यावी लागते. पाळकाने हे होऊ देऊ नये. मार्काच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याला येशूने हात लावला, तेव्हा त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. येशूने त्याला दोष दिला नाही. काय दिसते ते विचारले, आणि पुन्हा हात ठेवला.

याचा अर्थ सगळेच चालवून घ्यावे असा नाही. वाढ दिसावी लागते, फक्त ती कुठे शोधायची हे कळायला हवे. उपासनेत पाठ केलेली वचने म्हणणारा भावाशी शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे बोलत नसेल, आणि मागच्या बाकावरची अबोल बाई यंदा प्रथमच दुसऱ्या जातीतून आलेल्या कुटुंबाच्या घरी जेवली असेल. आपल्या मंडळ्यांतून जात अजून गेलेली नाही. म्हणून हे जेवण साधे नाही. त्या बाईच्या घरी जावे, तिच्याशी निवांत बोलावे.

टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि ते काम अर्धेच राहिले. ज्या गावांत तुम्ही जाल तिथेही बाप्तिस्मा न घेता प्रार्थनेला येणारी माणसे असतील. त्यांना कुठे बसवायचे, हे पहिल्याच रविवारी ठरवावे लागेल.