आई विद्यापीठात, मग चिंता कसली?

‘याची आई विद्यापीठात नोकरीला, मग याला कसली चिंता?’ बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यात हे वाक्य हमखास कानावर येतं. यात तथ्य किती?

अभियांत्रिकी आणि फार्मसीचे केंद्रीभूत प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची वाट ‘नीट’मधून जाते. गुणवत्ता यादीत मुलाचे गुण मोजतात, पालकांची खुर्ची नाही.

पालकांची नोकरी एका ठिकाणी मात्र उपयोगी पडते. दहावी-बारावी परराज्यात झाली, पण आई किंवा वडील महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आहेत, तर अभियांत्रिकीसाठी मूल महाराष्ट्राचा उमेदवार ठरू शकतं. राज्यात नेमणूक असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही अशी सोय आहे. यानं दार उघडतं, गुण वाढत नाहीत.

बारावी कुठे झाली, हेही महत्त्वाचं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं क्षेत्र म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार. इथल्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘गृह विद्यापीठा’च्या जागा असतात, तिथे इथं बारावी झालेल्यांना लाभ होतो, मग वडील प्राध्यापक असोत की केळीच्या बागेत राबणारे.

दिल्ली विद्यापीठात मात्र कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ‘वॉर्ड कोटा’ आहे. नियम ठिकाणागणिक बदलतात, म्हणूनच ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा.