गादीचा वारस आणि सातबाऱ्याचा वारस

(नंदुरबार येथे महिला शिबिरात केलेले भाषण)



आजचा आपला विषय आहे जमिनीचा वारसा, आणि मी सुरुवात करणार आहे बडोद्याच्या गादीपासून. राजेरजवाड्यांशी आपला काय संबंध, असं वाटेल. पण नवापूरहून सुरतेकडे जाताना सोनगड लागतं ना, तिथला डोंगरी किल्ला पिलाजी गायकवाडांनी १७१९ साली मेवासी भिल्लांकडून घेतला. गायकवाडांचं राज्य तिथून वाढलं. म्हणजे ही गादी आपल्या शेजारच्या आदिवासी मुलखात पाय रोवून उभी राहिली.

गायकवाडांचे किताब होते 'समशेर बहादूर' आणि 'सेना खासखेल'. किताब बापाकडून मुलाकडे जायचा, मुलगा नसला तर भावाकडे, नाहीतर दत्तकाकडे. मुलीकडे नाही. गायकवाड ज्यांचे सरदार होते, त्या दाभाड्यांकडे सेनापतिपद होतं. १७३१ साली डभईजवळच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. पद मिळालं धाकट्या यशवंतरावांना, आणि फौज न् कारभार सांभाळला त्यांच्या विधवा आईनं, उमाबाईंनी. काम आईचं, शिक्का मुलाचा!

आता बडोद्याची गोष्ट ऐका. १८७० साली खंडेराव महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता, राणी जमनाबाई गरोदर होत्या. खंडेरावांचे भाऊ मल्हारराव तेव्हा कैदेत होते. त्यांना सोडवून गादीवर बसवलं. मात्र जमनाबाईंना मुलगा झाला तर गादी त्याची, असं ठरलं. सगळा दरबार एका बाळंतपणाकडे डोळे लावून बसला. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई. त्याच दिवशी मल्हाररावांची गादी पक्की झाली.

पुढे १८७५ साली इंग्रजांनी मल्हाररावांना पदावरून काढलं आणि जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी दिली. ताराबाई तेव्हा चार वर्षांची होत होती. राजाची सख्खी मुलगी घरात खेळत होती, आणि वारस शोधायला माणसं गेली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला. तिथून गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला, शेतकऱ्याघरचा गोपाळराव आणला. तेच सयाजीराव महाराज. ते चांगले निघाले. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. पण रीत काय होती ते बघा. वारस निवडण्याचा हक्क बाईच्या हातात आला, तरी निवडायचा तो मुलगाच. किल्ली तिच्या कनवटीला आणि घर दुसऱ्याच्या नावावर.

ही रीत आपल्याकडचीच नाही. आयर्लंड-इंग्लंडमधल्या सरदारांचे बहुतेक किताब अजून मुलाकडेच जातात, मुलगा नसला तर दूरच्या पुतण्याकडे. ब्रिटनच्या राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद २०१३ च्या कायद्यानं काढला, सरदारांच्या किताबांसाठी काढला नाही.

आपल्याकडे १९७१ च्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. काठीच्या मेहवाशी संस्थानाची सत्ता गेली, राजवाडी होळी राहिली. गाद्या गेल्या, पण गादीची रीत कुठं गेली? ती आपल्या घराघरांत आहे. 'मुलगी परक्या घरची' म्हणताना आपण तीच रीत चालवतो.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात दोन अपवाद आहेत. कलम ५ नं करारानुसार एकाच वारसाकडे जाणारी संस्थानिकांची मालमत्ता वगळली. कलम २(२) नं अनुसूचित जमातींना वगळलं. एका कायद्याबाहेर दोघं, राजवाडा आणि पाडा! महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला. पण नंदुरबारमध्ये दर दहा माणसांत जवळजवळ सात आदिवासी. आपल्या या बहिणींना 'तुमच्यात रूढी चालते' असं सांगून तलाठी कार्यालयातून परत पाठवता येतं. विधवेनं नवऱ्याची जमीन मागितली की तिला डाकीण ठरवायचं, हेही आपण जाणतो.

तरी दार बंद नाही. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर वाटा नाकारणं समानतेच्या विरुद्ध आहे. म्हणजे रूढी आहे म्हणणाऱ्यानं ती दाखवावी. वनहक्क कायदा, २००६ तर स्पष्ट म्हणतो की विवाहितांचा दावा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा.

म्हणून गावी गेल्यावर तीन कामं करू या. वनपट्ट्यावर आपलं नाव आहे का, ते वाचून घ्या. घरात कुणी वारलं असेल तर वारस नोंदीत बायको आणि मुली लिहिल्यात का, ते फेरफारावर पाहा. नसतील तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि विषय ग्रामसभेत मांडा. एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा. रूढी गावानं घडवली आहे, आणि गावात आपण निम्म्या आहोत.

ताराबाईला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या मुलींची नावं आपण लिहून घेऊ या.