छायाचित्रावरून मोजमाप



मुलांना अंकगणित शिकवितांना मी एक गोष्ट पुन्हां पुन्हां सांगत असें : उत्तरापुढें परिमाण लिहिलें नाहीं, तर तें उत्तरच नव्हे. नुसतें 'पांच' म्हटल्यानें कांहींच बोध होत नाहीं. पांच हात कीं पांच कोस, हें सांगावें लागतें. जन्मभर दुसऱ्यांस शिकविलेला हा धडा मला स्वतःला एका जखमेनें नव्यानें शिकविला. त्याचीच हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या पोटरीवर जखम झाली व ती चिघळली. डॉक्टर परगांवीं. तेव्हां दर आठवड्यास जखमेचें छायाचित्र काढून तिचें क्षेत्रफळ त्यांस कळवावें, असें ठरलें. जखम भरत असेल तर चालू औषधच ठेवावयाचें, नसेल तर बदलावयाचें. म्हणजे त्या एका आंकड्यावर माझ्या पायाचें भवितव्य अवलंबून होतें. मोजण्याचें काम नववींतील माझ्या नातीनें अंगावर घेतलें. त्यासाठीं तिनें 'इमेजजे' नांवाचें सॉफ्टवेअर घेतलें. अमेरिकेंतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेंत वेन रासबँड या गृहस्थांनीं तें तयार केलें व १९९७ पासून तें सर्वांस विनामूल्य मिळतें. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यानें पानांचें क्षेत्रफळ मोजतात, तर सूक्ष्मदर्शकाखालील पेशी मोजण्यासहि त्याचा उपयोग होतो.

त्याची रीत सोपी आहे. संगणकावरील छायाचित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची रांगोळीच. सॉफ्टवेअर हे ठिपके बिनचूक मोजतें. परंतु एक ठिपका म्हणजे किती मिलिमीटर, हें मात्र आपणच त्यास सांगावें लागतें. म्हणून जखमेपासून चार बोटें अंतरावर पोटरीवर रुपयाचें एक नाणें ठेवून नातीनें छायाचित्र घेतलें. चित्रांत नाण्याचा व्यास २०० ठिपके भरला. नाणें २० मिलिमीटरचें. म्हणजे दर मिलिमीटरास १० ठिपके आणि दर चौरस मिलिमीटरास १०० ठिपके. मग जखमेच्या कडेनें माउसनें रेघ फिरविली. आंत सुमारें १,००,००० ठिपके निघाले. अर्थात् जखम १० चौरस सेंटिमीटर.

पुढील आठवड्यांत तीच रीत केली आणि उत्तर आलें ६.४. एक-तृतीयांशाहून अधिक जखम भरली ! घरांत आनंदीआनंद झाला. मात्र पट्टी बांधतांना आमच्या मंडळींनीं विचारलें, "अहो, जखम एवढी आटली म्हणतां, मग गॉजचा तुकडा अजून तेवढाच कां कापावा लागतो?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं दोन्ही छायाचित्रें समोर घेतलीं आणि चूक ध्यानांत आली. दोन्हींत रुपयाच होता, पण एकच रुपया नव्हे. २०१९ सालच्या नव्या मालिकेंतील रुपयाचा व्यास २० मिलिमीटर, २०११ च्या मालिकेंतील २२, आणि त्यापूर्वींच्या पोलादी रुपयाचा २५ ! दुसऱ्या खेपेस हातीं जुना, मोठा रुपया आला होता. तोहि चित्रांत २००च ठिपके भरला, पण संगणकास आम्ही पूर्वींचेच २० मिलिमीटर सांगितले. वास्तविक दर मिलिमीटरास ८च ठिपके होते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरास ६४. आंतील ६४,००० ठिपक्यांस ६४ नीं भागलें, तेव्हां पुन्हां १० चौरस सेंटिमीटरच आले. जखम तसूभरहि भरली नव्हती. लांबींतील चूक क्षेत्रफळांत वर्गानें वाढते, हें मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल !

त्याच संध्याकाळीं खरा आंकडा कळविला, औषध बदललें आणि यथावकाश पाय बरा झाला. नाणें जखमेजवळ आणूंच नये, असें डॉक्टरांनीं बजावल्यामुळें पुढें आम्ही मिलिमीटरच्या खुणा छापलेली कागदी पट्टी वापरली. ती दर वेळीं नवी घेऊन टाकून देतां येते.

आपणांसहि असा प्रसंग आला, तर तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, ज्ञात लांबीची पट्टी त्याच छायाचित्रांत असावी. दुसरी, ती मोजावयाच्या वस्तूच्याच पातळींत असावी; पट्टी खालीं स्टुलावर व जखम वर पायावर असेल, तर कॅमेऱ्यापासून दूर असलेली पट्टी लहान दिसते आणि जखम उगीच मोठी ठरते. तिसरी, कॅमेरा वस्तूच्या समोर सरळ धरावा. तिरका धरल्यास वाटोळें तेंहि लांबट दिसतें. शिवाय पोटरीसारख्या गोलसर जागेवरची जखम सपाट चित्रांत थोडी कमीच भरते. म्हणून आंकडा एका आठवड्याचा न पाहतां, एकाच रीतीनें घेतलेल्या अनेक आठवड्यांचा पाहावा.

संगणकाची मोजणी चुकली नव्हती. आम्हीं दिलेलें माप चुकलें होतें. दशांशचिन्हापुढील आंकडे पाहून आपला विश्वास बसतो, पण ते आंकडे मूळ मापाइतकेच खरे असतात. माझी नात आतां प्रत्येक उत्तरापुढें परिमाण तर लिहितेच, पण तें कोणत्या मापानें काढलें, हेंहि लिहिते.