उधारीची तरतरी आणि धुऱ्यावरचे फळ

(भिवंडी येथील बैठकीत कोरडवाहू कापूस-ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



काल रात्री आपण भिवंडीच्या गल्ल्यांतून हिंडलो. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. आपला कापूस सरकी निघून, गाठी बांधून, सूत होऊन अशाच मागांवर चढतो. आता इथे पॉलिएस्टरही भरपूर विणले जाते, पण सुती माग अजून चालू आहेत. आपला माल कुठे जातो ते पाहायला आपण आलो. आम्हाला मात्र मालापेक्षा माणसे पाहून जास्त विचार करावा लागला.

पहाटे चारच्या सुमारास एक पोरगा किटली घेऊन गल्लीत आला. मागावरच्या एका तरुणाने चालत्या मागाजवळ उभ्यानेच चहा घेतला. बोलण्यावरून तो आपल्याकडचा वाटला, म्हणून विचारले. परभणीकडचा निघाला. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. रात्रीतून चहा किती? "पाच-सहा." आणि खाणे? "पाळी सुटल्यावर." वडील काय करतात? "कापूस, ज्वारी." ते सकाळी काय घेतात? तो हसला आणि म्हणाला, "चहाच की."

मित्रहो, कापूस पिकवणारा बाप आणि कापड विणणारा पोरगा, दोघांचाही दिवस रिकाम्या पोटी एका कपावर सुरू होतो. आज आम्हाला बोलायचे आहे ते या कपाविषयी आणि त्याच्या जागी काय ठेवता येईल त्याविषयी. भावाची बैठक सोडून हे चहापाण्याचे कुठे काढले, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. पेरूच्या झाडाला नत्र किती द्यायचे ते पाठ केले. पेरू कोणाच्या तोंडात जातो हे कोणत्याही परीक्षेत विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही एका शेतावर होतो. अकराच्या सुमारास वेचणारी एक बाई भोवळ येऊन तासातच बसली. पहाटे पाचपासून पोटात काय? दोन वेळचा कोरा चहा. दूध डेअरीला गेलेले. नर्सबाईंनी तपासून सांगितले, अंगात रक्त कमी आहे. त्याच शेताच्या विहिरीजवळ पेरूचे झाड होते. फळ? आदल्या दिवशी पाटी भरून बाजारात गेले होते. आम्ही त्या शेताला तीन वर्षे फवारणीचा सल्ला देत होतो. त्या दिवशी आम्हाला आमच्या सल्ल्याची लाज वाटली.

चहाने तरतरी येते हे खोटे नाही. पण ती येते कशी ते समजून घ्या. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते. थकवा किती झाला याची ती नोंद असते. चहा-कॉफीतले कॅफीन त्या नोंदीच्या जागेवर जाऊन बसते, म्हणून मेंदूला थकवा वाचता येत नाही. थकवा जात नाही. सावकाराची वही झाकून ठेवली म्हणून कर्ज फिटते काय? उतार पडला की सगळी बाकी एकदम अंगावर येते.

पुढचे ऐका. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेल्या कपातले निम्मे कॅफीन मध्यरात्री अंगात असते. झोप कच्ची होते. सकाळी अंग जड, म्हणून पुन्हा चहा. सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने करतो ना आपण, तसेच हे शरीराचे नवे-जुने. कागद बदलतो, देणे तेच राहते.

दुसरी गोष्ट भाकरीची. ज्वारीत लोह आहे. पण धान्यातले लोह शरीर मुळातच कमी उचलते. जेवणाबरोबर चहा घेतला तर चहातला तुरट अंश ते लोह धरून ठेवतो आणि आणखी कमी उचलले जाते. उलट आंबट फळातले क जीवनसत्त्व तेच लोह उचलायला मदत करते. भाकरी तीच, चुलही तीच. सोबत चहा की पेरूची फोड, एवढ्यावर फरक पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याला एकटा चहा कारण नाही. पण ज्या घरात आधीच कमी आहे, तिथे हा कप उरलेल्यातूनही काढून घेतो.

मग ही सवय आली कुठून? आपल्या आजी-पणजीची न्याहारी म्हणजे आंबील, ताक-भाकर, इकडे ठाण्याकडे भाताची पेज. चहा आपल्या घरात आणून बसवला गेला, आणि तो ज्या हिशेबाने बसवला तो शिकण्यासारखा आहे. १९०३ साली चहाच्या मळेवाल्यांच्याच मागणीवरून सरकारने चहावर एक कर बसवला. त्या पैशातून चहाचा प्रचार करायचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, खाणी आणि कापडगिरण्या इथे चहाची दुकाने निघावीत म्हणून जोर लावला गेला. १९२९ नंतरच्या मंदीत परदेशात माल खपेना, तेव्हा देशातच गिऱ्हाईक करण्यासाठी प्रचार आणखी वाढला. करून दाखवायचे, फुकट पाजायचे, सवय लावायची. पुढे स्वस्त भुकटी आली आणि चहा खेड्यापाड्यात पोचला. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे लिहिले, त्यात चहा, कॉफी, कोको यांची शरीराला गरज नाही असे सांगितले. पण तोवर किटली चुलीवर चढली होती.

मळेवाल्यांना नावे ठेवून काय होणार? त्यांनी आपला माल विकण्यासाठी स्वतःवर कर लावून घेतला. आपण बोर, पेरू, सीताफळ पिकवतो आणि आपल्याच घरी, आपल्याच बैठकीत ते ठेवत नाही. जो माल पिकवणारा खात नाही, त्याला गिऱ्हाईक का मिळावे?

आता फळाचे सांगतो. रात्रभराच्या उपाशी पोटाला पाणी, थोडी साखर आणि चोथा हवा असतो. फळात हे तिन्ही आहे. मध्यम केळ्यात सुमारे शंभर कॅलरी मिळतात. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या चौपट. आवळ्यात त्याहूनही जास्त. चोथ्यामुळे फळातली साखर सावकाश अंगी लागते.

पण आम्ही खोटे सांगणार नाही. फळ म्हणजे चहासारखा चाबूक नव्हे. फळ खाल्ल्याबरोबर डोळे टक्क उघडतील ही अपेक्षा ठेवू नका. आणि नुसत्या दोन बोरांवर वखर चालत नाही. फळ आधी, मग भाकर, मूठभर शेंगदाणे, ही न्याहारी झाली. चहा घ्यायचा तर त्यानंतर तासाभराने. एकदम बंद करू नका. डोके दुखते, चिडचिड होते, काही दिवसांत ओसरते. रोजच्या सहा कपांचे आधी चार करा, मग दोन. मधुमेह असेल त्याने कोणते फळ किती, हे डॉक्टरला विचारून ठरवावे.

कुणी म्हणेल, फळ विकत घ्यायला पैसा कुठे आहे? बरोबर आहे. चहा टिकला तो याच कारणाने. भूक मारायचे सगळ्यात स्वस्त साधन ते आहे. मागावरच्या त्या पोराला आम्ही "केळे खा" एवढे सांगून निघून आलो असतो तर ती त्याची थट्टा झाली असती. मीटरची मजुरी वाढल्याशिवाय त्याची न्याहारी वाढत नाही, आणि कापसाला भाव मिळाल्याशिवाय त्याच्या बापाची वाढत नाही. तो लढा चालूच राहील. पण बापाजवळ एक गोष्ट आहे, जी पोराजवळ नाही. धुरा आहे.

धुऱ्यावर काय लावायचे? बोर, सीताफळ, आवळा, चिंच, जांभूळ. ही झाडे आपल्या पावसावर जगतात. सीताफळाच्या पानाला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून राखण कमी. बोराचे सोटमूळ खोल जाते, तेव्हा रोप हलवण्यापेक्षा जागेवरच गावठी बी लावा आणि पुढल्या पावसाळ्यात त्यावर उमराण, कडाका किंवा मेहरूणचा डोळा भरा. पानगळीच्या वेळी, एप्रिल-मे महिन्यात छाटणी करा. पहिले दोन उन्हाळे झाडाजवळ मडके पुरून पाणी द्या. मोरीच्या पाण्यावर पपई आणि एक पेरू. सावलीवरून भांडण नको म्हणून शेजाऱ्याशी आधी बोला.

आणि हंगाम पाहा. दसऱ्याच्या पुढेमागे सीताफळ, मग पेरू आणि आवळा, पौषात बोर. कापूस वेचणीचे दिवस तेच फळांचे दिवस. बाईला भोवळ येते त्याच महिन्यांत तिच्या धुऱ्यावर फळ पिकलेले असते. आपण ते आधी पाटीत घालतो. एवढेच उलटे करायचे आहे. पहिली ओंजळ घरात, त्यातही वेचायला जाणाऱ्या बाईला आणि शाळेत जाणाऱ्या पोरांना. पाटी त्यानंतर.

तर ठराव दोनच. एक, बैठकीला आलेल्या प्रत्येकाने येत्या पावसाळ्यात पाच झाडे लावायची, विकण्यासाठी नव्हे, घरासाठी. दोन, आपल्या जिल्हा बैठकांत आल्या माणसाला आधी हंगामातले फळ द्यायचे, तेही कुठल्या तरी सभासदाच्या शेतातले, रोख पैसे देऊन घेतलेले. चहा मागेल त्याला मिळेल, पण नंतर.

आम्हीही आज पहाटेपासून तीन कप घेतले आहेत, हे सांगून टाकतो. सवय आमचीही आहे. पुढल्या वर्षी भेटू तेव्हा आमचे कप मोजा, आम्ही तुमची झाडे मोजू.