मरुभूमींतील शरदाचे पाहुणे

राजस्थानचें वाळवंट म्हटलें म्हणजे उंट, वाळूच्या टेकड्या आणि भाजून काढणारें ऊन एवढेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र वैशाखाचें झालें. भाद्रपद सरत आला कीं हीच भूमि पाहुण्यांच्या वर्दळीनें गजबजूं लागते. जो काय थोडा पाऊस पडला असेल त्यावर सेवण गवत वाढलेलें असतें, गवतांत नाकतोडे माजलेले असतात, आणि उत्तरेकडून निघालेल्या पक्ष्यांच्या कित्येक वाटा याच सुमारास येथें येऊन मिळतात. ही वर्दळ ज्याला पाहावयाची असेल त्यानें जोधपूरहून फलोदी, पोकरण व जैसलमेर या मार्गानें मोटारींतून सावकाश जावें.

सावकाश हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. रस्ता सरळ आणि गुळगुळीत. वाहन भरधाव हांकण्याचा मोह सहज होतो, आणि तसें हांकणाऱ्यास संध्याकाळीं जैसलमेरचा किल्ला तेवढा दिसतो. वास्तविक मोटार हा पक्षिनिरीक्षकाचा उत्तम आडोसा होय. पायीं चालणाऱ्या माणसाला पाहून जो पक्षी दुरूनच उडून जातो, तोच उभ्या मोटारीपासून थोड्या पावलांवर निश्चिंत बसून राहतो. खिडकीची कांच खालीं करावी, यंत्र बंद करावें, आणि रस्त्याच्या कडेनें जाणाऱ्या तारेकडे पाहावें.

त्या तारेवर सप्टेंबर महिन्यांत युरोपीय चाष बसलेला आढळतो. दसऱ्याच्या दिवशीं ज्याचें दर्शन शुभ मानतात त्या आपल्या चाषाचाच हा सोयरा; मात्र आपल्या चाषाच्या छातीवर तपकिरी छटा असते, तर याचें डोकें व छाती निखळ फिकट निळी. हा आफ्रिकेला निघालेला असतो. येथें नाकतोड्यांवर पोट भरून पुढची मजल गांठावयाची, एवढेंच त्याचें या भूमीशीं नातें. खालच्या खेजडीवर बसलेले लाल पाठीचा खाटीक आणि ठिपकेदार माशीमार हे त्याच वाटेचे वाटसरू. नवल असें कीं, वसंतांत मायदेशीं परततांना हे पक्षी या बाजूला सहसा फिरकत नाहींत. परतीची त्यांची वाट अधिक पश्चिमेकडून जाते. म्हणून या प्रदेशांत त्यांची गांठ घ्यावयाची तर शरदाचे हे थोडके आठवडेच हातीं असतात. शेजारच्या कच्छांतहि असाच प्रकार आहे. तेथील पक्ष्यांवर डॉ. सालिम अली यांनीं लिहिलेला ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला.

फलोदीजवळ खीचन नांवाचें गांव आहे. येथें मुक्काम केलाच पाहिजे. ज्यांना आपण कांड्या करकोचे म्हणतों आणि मारवाडांत कुरजां म्हणतात, ते मंगोलिया व मध्य आशियांतील गवताळ प्रदेश सोडून येथें हिंवाळ्यासाठीं येतात. त्यांतील पुष्कळांना हिमालय ओलांडावा लागतो; नेपाळांतील काली गंडकीच्या दरींत सोनेरी गरुड त्यांच्या वाटेवर टपलेले असतात. त्यांतून निभावून आलेल्या पाखरांसाठीं खीचनचे लोक रोज धान्य टाकतात. सुमारें अर्ध्या शतकापूर्वीं थोडेसेच करकोचे या दाण्यावर येत. आतां ऐन हिंवाळ्यांत त्यांची संख्या वीस हजारांच्याहि वर जाते. पहांटे ते गांवाबाहेरच्या माळावर जमतात. ऊन वर आलें कीं एक थवा उठतो, दाण्याच्या कुंपणावर दोनचार फेऱ्या घालतो, खालीं धोका नाहीं अशी खात्री करून घेतो आणि मगच उतरतो. मागोमाग दुसरा, तिसरा. त्या वेळचा कलकलाट इतका असतो कीं शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचें बोलणें ऐकूं येऊं नये. परमुलखीं गेलेल्या पतीला निरोप पोंचविण्याचें काम मारवाडी स्त्रियांनीं लोकगीतांत याच पक्ष्याकडे सोंपविलें आहे, आणि इतक्या लांबून दरवर्षीं नेमानें येणाऱ्याला तें सोंपविणें सुज्ञपणाचेंच म्हटलें पाहिजे! जून २०२५ मध्यें खीचनचा समावेश रामसर स्थळांच्या यादींत झाला.

खीचन सोडून रामदेवरा, पोकरणकडे वळलें कीं तारांचें रूप पालटतें. फलोदीच्याच परिसरांत भडला येथें २,२४५ मेगावॉटचें सौर विद्युत्केंद्र आहे, आणि पुढें जैसलमेरच्या बाजूला पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. तेथील वीज वाहून नेणाऱ्या उच्च दाबाच्या तारा थेट माळ ओलांडून जातात. माळढोकाला त्या घातक ठरल्या आहेत. हा पक्षी फार जड, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें नेमकें समोरचें त्याला नीट दिसत नाहीं, आणि दिसलें तरी एवढें शरीर ऐन वेळीं वळवितां येत नाहीं. मादी बहुधा एकच अंडें घालते, म्हणून एका पक्ष्याची हानि भरून यावयास वर्षें लागतात. रानांत आज दीडशेंहूनहि कमी माळढोक उरले असून बहुतेक जैसलमेरच्या आसपास आहेत. सोलापूरजवळ नान्नज येथें त्यांच्याचसाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. तेथें आतां एखादा दिसला तरी भाग्य.

या तारा जमिनींतून न्याव्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १९ एप्रिल २०२१ रोजीं दिला. पुढें मार्च २०२४ मध्यें तो सैल करून तज्ज्ञांची समिति नेमण्यांत आली. सूर्याची वीज देशाला हवी, यांत वाद नाहीं. पण तिच्या तारा नेमक्या ज्या माळावर हा पक्षी शेवटचा उरला आहे त्याच्यावरून न्याव्या, हें मात्र पटण्यासारखें नाहीं.

दरम्यान सम व रामदेवरा येथें माळढोकांच्या पैदाशीचीं केंद्रें चालूं आहेत. सप्टेंबर २०२४ मध्यें, म्हणजे चाष तारांवर बसण्याच्याच दिवसांत, रामदेवऱ्याच्या एका नराचें बीज सुमारें दोनशें किलोमीटर अंतरावरील समच्या केंद्रांत नेण्यांत आलें, आणि तेथील मादीनें घातलेल्या अंड्यांतून ऑक्टोबरांत पिलूं बाहेर पडलें. कृत्रिम रेतनानें जन्मलेला हा पहिला माळढोक. चाष तोंवर आफ्रिकेच्या वाटेला लागले होते, आणि खीचनला करकोच्यांचे नवे थवे उतरत होते.