खेळाचे वेड : खोड की विकार?



परवा माझा नातू मोबाईलवरील खेळापायी जेवावयास उठेना. मी रागाने म्हणाले, "वेड लागले आहे तुला!" त्याने खालमानेने विचारले, "आजी, मी खरेच वेडा आहे का?" त्या प्रश्नाने मी चरकले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या विकारास आपल्या रोगसूचीत स्थान दिले; ती सूची २०२२ पासून लागू झाली. मात्र तिची कसोटी तासांची नव्हे. खेळावर ताबा न राहणे, इतर साऱ्याहून खेळ मोठा होणे व नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, असे साधारण वर्षभर चालून घर, अभ्यास यांची घडी मोडली, तरच तो विकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली 'अधिक अभ्यास हवा' एवढेच म्हटले होते. साध्या खेळकर मुलांवरही शिक्का बसेल, अशी काही संशोधकांना भीती वाटते.

माझ्या मते नाव हवे. त्याने उपचाराचे दार उघडते. परंतु ते डॉक्टरांनी ठेवावे, आजीने रागाच्या भरात नव्हे. मुलाची झोप, अभ्यास, मित्र सुटू लागले, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. एरवी ताट वाढून त्याच्याजवळ बसावे. मी तेच करते आहे.